एससी१२जी, अठरा महिन्यांनंतर: आधी बाष्पीभवनाचं तापमान, मग कॉम्प्रेसर

अठरा महिन्यांपूर्वी एका प्रयोगशाळेच्या वॉटर चिलरवर मी सेकॉपचा एससी१२जी हा कॉम्प्रेसर बसवला. तेव्हापासून त्याच्या सर्व्हिसिंगला पाच-सहा वेळा गेलो, दर वेळी गेज लावले, क्लॅम्प मीटर लावला, आकडे वहीत टिपले. एवढ्या काळानंतर त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. पण कॉम्प्रेसरचं कौतुक एकट्याचं करता येत नाही. कुठल्या बाष्पीभवन तापमानाला, म्हणजे गॅस कुठल्या तापमानाला उकळत असताना तो चालतोय ते सांगितल्याशिवाय ‘चांगला’ नि ‘वाईट’ या शब्दांना अर्थच नाही. म्हणून आधी त्या चिलरवर काय झालं होतं ते सांगतो.

चिलरचं काम साधं. एका यंत्राला १२ अंशांचं पाणी सतत फिरवत द्यायचं, उष्णतेचा भार साधारण ७०० वॅट. प्लेट हीट एक्स्चेंजर (इथे गॅस उकळतो नि पाणी थंड होतं), थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (तिकडे जाणारा गॅस मोजून सोडणारा), पंख्याचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा), गॅस आर१३४ए. मूळचा कॉम्प्रेसर बरीच वर्षं चालून गेला. मग कुणीतरी नवा बसवला, तो सात महिन्यांत जळला. पुन्हा तसाच आणून बसवला, तोही सात महिन्यांत. तिसऱ्या वेळी मला बोलावलं तेव्हा कॉम्प्रेसर अजून जिवंत होता, पण शेवटच्या घटका मोजत होता. दर तीन-चार मिनिटांनी ओव्हरलोडचा, म्हणजे भार वाढला की वीज तोडणाऱ्या स्विचचा ‘टक्’ आवाज, मग गुरगुर, मग पुन्हा टक्. अंगाला हात लावला तर क्षणभरही ठेवता येईना. टर्मिनलचं झाकण काढलं तर आतल्या वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं, आणि तो वाइंडिंग भाजल्याचा वास. हा वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

प्रयोगशाळेच्या मॅडम वैतागलेल्या होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. म्हणाल्या, “जुना १/३ एचपीचा होता, हेही १/३ एचपीचेच आणले. गॅस तोच, कंपनी चांगली. मग जळतात का?”

बाद झालेला मूळचा कॉम्प्रेसर अजून कोपऱ्यात पडून होता. त्याची प्लेट पुसून त्यांना दाखवली. दोन्हींवर आर१३४ए, दोन्ही १/३ एचपी. पण जुन्यावर एचबीपी लिहिलेलं आणि नव्यावर एलबीपी. हाय बॅक प्रेशर आणि लो बॅक प्रेशर, म्हणजे आत येणाऱ्या गॅसचा दाब जास्त की कमी. एवढ्या एका अक्षरापायी दोन कॉम्प्रेसर गेले होते आणि तिसरा जायच्या वाटेवर होता.

कसं ते नीट सांगतो, कारण आमच्या धंद्यातली निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. कॉम्प्रेसरचा पिस्टन दर फेऱ्याला ठरावीक घनफळाचा गॅस ओढतो. घनफळ बदलत नाही, पण त्या गॅसचं वजन बदलतं. आर१३४ए उणे २५ अंशांना उकळत असेल तर त्याच्या वाफेचं वजन घनमीटरला साधारण साडेपाच किलो भरतं. तोच अधिक ५ अंशांना उकळत असेल तर सतरा किलो. म्हणजे तोच सिलिंडर, तोच वेग, आणि मोटरच्या वाट्याला तिप्पट वजनाचा गॅस. फ्रीझरसाठी केलेल्या एलबीपी कॉम्प्रेसरला सिलिंडर मोठा देतात, कारण पातळ गॅस भरपूर ओढायचा असतो, आणि मोटर त्या पातळ गॅसला पुरेल एवढीच ठेवतात. तो उचलून चिलरवर बसवला की मोठा सिलिंडर जड गॅस ओढायला लागतो. त्या दिवशी माझ्या मीटरवर प्लेटवरच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त करंट दिसत होता. एचपीचा आकडा सारखा असून उपयोग काय? तो कुठल्या तापमानाला मोजलाय ते बघितलं नाही तर दोन १/३ एचपी म्हणजे दोन वेगळी यंत्रं असतात.

त्यात दुसरी गोष्ट मिसळलेली होती. एलबीपीच्या त्या कॉम्प्रेसरला सुरुवातीला फक्त पीटीसी रिले होता (तापला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा), जोर वाढवणारा स्टार्ट कपॅसिटर नव्हता. कमी टॉर्कची, म्हणजे कमी जोराची सुरुवात. कॅपिलरीच्या (व्हॉल्व्हऐवजी बारीक नळीच्या) सिस्टममध्ये हे चालतं, कारण कॉम्प्रेसर बंद झाला की कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू सारखा होतो आणि पुढची सुरुवात हलकी जाते. इथे मात्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह होता. तो बंद झाला की दाब जिथल्या तिथे अडकतो. डिस्चार्जला, म्हणजे गॅस बाहेर ढकलायच्या बाजूला १५०-१६० पीएसआय दाब उभा असताना कॉम्प्रेसरनं उठायचं कसं? शिवाय पीटीसी थंड व्हायला पाचेक मिनिटं लागतात, आणि पाण्याचा थर्मोस्टॅट त्याच्या आधीच पुन्हा हाक मारत होता. दर वेळी अडकलेला रोटर, दर वेळी ओव्हरलोड. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याचा यात काही दोष नाही. चुकीच्या जागी बसवलेलं चांगलं यंत्र होतं ते.

आता एससी१२जी का घेतला. १२ अंशांचं पाणी हवं, तर प्लेट एक्स्चेंजरमध्ये गॅस साधारण अधिक ५ अंशांना उकळायला हवा. सात अंशांचा फरक. त्यापेक्षा खाली नेलं तर प्लेटांमध्ये पाणी गोठायची भीती, आणि फुकटची वीज. अधिक ५ म्हणजे आर१३४ए साठी सक्शन (गॅस आत ओढायच्या बाजूच्या) गेजवर ३६ पीएसआय. खोली गरम राहते, त्यामुळे कंडेन्सिंग ५० ते ५५ धरलं. मग कॅटलॉगच्या तक्त्यात अधिक ५ आणि ५५ च्या ओळी जिथे भेटतात तिथला आकडा बघितला. एससी१२जीचा सिलिंडर १२.८७ घन सेंटिमीटरचा, आणि त्या जागी तो साधारण एक किलोवॅट देतो. भार ७०० वॅटचा, म्हणजे तासातली चाळीस-बेचाळीस मिनिटं चालेल आणि उन्हाळ्यालाही हात राखून राहील. हा कॉम्प्रेसर एलबीपी, एमबीपी (मधला, मीडियम बॅक प्रेशर), एचबीपी अशा तिन्ही पट्ट्यांसाठी दिलेला आहे. मोटर त्या हिशेबानं दणकट आहे, आणि स्टार्ट कपॅसिटर लावून जास्त टॉर्कची सुरुवात (एचएसटी) घेता येते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सिस्टमला नेमकं तेच हवं होतं.

ज्यांना नावाचा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सेकॉप म्हणजे पूर्वीचा डॅनफॉसचा घरगुती आणि हलक्या व्यावसायिक कॉम्प्रेसरचा विभाग. २०१० मध्ये तो डॅनफॉसपासून वेगळा झाला. जुन्या कारागिरांच्या तोंडी अजून ‘डॅनफॉसचा एससी’ असंच असतं. नावातली अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. एससी ही कुटुंबाची खूण, १२ हा सिलिंडरचा ढोबळ आकार, शेवटचा जी म्हणजे आर१३४ए वर रुंद पट्ट्यात चालणारा. त्याच घराण्यात शेवटी सीएल असेल तर तो आर४०४ए वरचा, कमी तापमानाचा. दिसायला दोघे जुळे भाऊ. आत सगळं वेगळं.

बसवतानाचं काम लिहितो, कारण परीक्षणाचा निम्मा भाग इथेच ठरतो. जळत आलेला कॉम्प्रेसर काढला, तेल पांढऱ्या भांड्यात ओतलं. चहाच्या काढ्यासारखं काळं. आम्लाची चाचणी केली, ती आली. म्हणून सगळी लाइन नायट्रोजननं फुंकून काढली, ड्रायर नवा, तोही आम्ल शोषणारा. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालू ठेवला, म्हणजे पाइपात काळी खपली धरत नाही. एससी१२जीमध्ये पॉलिओलएस्टर तेल येतं आणि हे तेल हवेतलं पाणी स्पंजासारखं पितं. म्हणून नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचं सगळी तयारी झाल्यावरच काढली. माझ्या हाताखालचा पोरगा हौसेनं आधीच काढायला निघाला होता, त्याचा हात धरला. बुच काढल्यापासून जोडणी बंद होईपर्यंत पंधरा मिनिटांच्या आत काम उरकलं. मग व्हॅक्यूम, ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद करून अर्धा तास बघितलं, काटा हलला नाही.

एक बदल मी आग्रहानं केला. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह एमओपीचा घातला, म्हणजे ठरावीक दाबाच्या वर सक्शन जाऊ न देणारा. सुट्टीनंतर टाकीतलं पाणी २८-३० अंशांवर आलेलं असतं. तेव्हा सुरू केलं की गॅस १५-२० अंशांना उकळतो, आणि कितीही दणकट मोटर असली तरी त्या पहिल्या अर्ध्या तासाचा भार सगळ्यात जास्त. चिलरवर कॉम्प्रेसर निवडताना रोजचं तापमानच बघतात सगळे, हा पहिला अर्धा तास कुणी बघत नाही. मॅडमना मी हेच म्हणालो, “सोमवारी सकाळी मला फोन करा, मी येऊन उभा राहतो.” सोमवारी गेलो. पाणी २९ अंश. सक्शन थोडं वर चढलं, एमओपीनं धरून ठेवलं, करंट प्लेटवरच्या आकड्याच्या आत. पन्नास मिनिटांत पाणी १२ वर. ओव्हरलोड एकदाही बोलला नाही.

अठरा महिन्यांचे आकडे सांगतो. सक्शन ३४ ते ३७ पीएसआय, डिस्चार्ज ऋतूनुसार १५० ते १९०. करंटमध्ये डोळ्यांत भरेल असा फरक नाही. गेल्या महिन्यात डिस्चार्ज लाइनवर, कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर थर्मामीटर बांधला तर ८० च्या आत. सुरुवात स्वच्छ, कपॅसिटर लागतो आणि रिले सोडतो, दोन्ही आवाज ओळखीचे. खोलीत बसून काम करणाऱ्यांना तो चालू आहे की नाही हे कंडेन्सरच्या पंख्यावरून कळतं, कॉम्प्रेसरवरून नाही.

घ्यायच्या आधी एक ओळ नक्की वाचा: कूलिंगची. सेकॉपच्या माहितीपत्रकात कुठल्या पट्ट्यात नुसत्या हवेवर भागतं, कुठे एफ१ म्हणजे सेकंदाला दीड मीटर वेगाची हवा लागते, आणि कुठे एफ२ म्हणजे तीन मीटरची, असा तक्ता असतो. चिलरसारख्या जास्त तापमानाच्या कामाला पंख्याची हवा अंगावर यायलाच हवी. जुन्या कॉम्प्रेसरची जागा कंडेन्सरच्या हवेपासून बाजूला, आडोशाला होती. मी पाया एक वीत सरकवला आणि पत्र्याची पट्टी वाकवून हवा अंगावर घेतली. पंधरा मिनिटांचं काम. ते न करता बसवला असता तर आज हे लिहिलं नसतं.

आता ज्यांना वाटेल की तिन्ही पट्ट्यांत चालतो तर सगळीकडे हाच घ्यावा, त्यांना मी नाही म्हणेन. त्याच संस्थेत आणखी दोन पेट्या माझ्याकडे आहेत, आणि दोन्हीकडे मी दुसरंच निवडलं.

पहिली औषधांची पेटी, २ ते ८ अंशांची, मधोमध ५ वर लावलेली. इथे लोक हमखास फसतात. पेटी ५ अंशांची म्हणून अधिक ५ चा कॉम्प्रेसर बघतात. पण हवा ५ अंशांची ठेवायची तर कॉइल (गॅस उकळतो त्या नळ्या) तिच्यापेक्षा बरीच थंड लागते. पंख्याच्या कॉइलला दहा-बारा अंशांचा फरक धरा, म्हणजे गॅस उणे ५ ते ७ ला उकळणार, बर्फ धरला की उणे १०. आर१३४ए वर उणे १० म्हणजे साडेचौदा पीएसआय. हा एमबीपीचा पट्टा. एससी१२जी तिथे चालला असता, पण त्या पेटीचा भार जेमतेम दोनशे वॅटचा. एवढा मोठा सिलिंडर लावला की कॉम्प्रेसर थोडाच वेळ चालणार, मग थांबणार, कॉइल झटक्यात खोल जाणार. बऱ्याच लसींना गोठणं वाईट, उष्णतेइतकंच किंवा त्याहून जास्त. तिथे मी छोटा एमबीपीचा कॉम्प्रेसर लावला. तो तासातला अर्धा वेळ शांतपणे चालतो आणि कॉइल उणे ८ च्या आसपास ठेवतो.

दुसरा उणे २० अंशांचा फ्रीझर. तिथे गॅस उणे ३० ला उकळतो, आणि आर१३४ए चा वातावरणाच्या दाबाला उत्कलनबिंदूच उणे २६.१ आहे. म्हणजे सक्शन बाजू व्हॅक्यूममध्ये. कुठे सुईच्या टोकाएवढी गळती असली तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि दमट वाफ आत जाते, आणि पॉलिओलएस्टर तेल तिची वाटच बघत असतं. आणि गुणोत्तर बघा. उणे ३० ला आर१३४ए चा निरपेक्ष दाब ०.८४ बार, ५० अंशांच्या कंडेन्सिंगला १३.२. भागा, साडेपंधरा येतात. एवढ्या गुणोत्तराला पिस्टनच्या वर राहिलेला थोडासा गॅस फुगून सिलिंडरचा बराच भाग भरतो, नवा गॅस कमीच आत येतो, आणि डिस्चार्ज तापून तेल जळायला लागतं. चिलरमध्ये किलोवॅट देणारा एससी१२जी उणे २५ ला त्याचा पाचवा हिस्साच देतो, तोही मोटर एवढीच मोठी ठेवून. शिवाय आत येणारा गॅस पातळ असल्यानं मोटरला थंड करायलाही पुरत नाही. फ्रीझरला मी आर२९० वरचा एलबीपी घेतला. तिथे उणे ३० लाही सक्शन वातावरणाच्या वर राहतं आणि गुणोत्तर दहाच्या आसपास येतं. आर२९० म्हणजे प्रोपेन, ज्वलनशील. म्हणून आर१३४ए च्या जुन्या पेटीत कॉम्प्रेसर बदलून तो भरायचा उद्योग कुणी करू नये. माझी फ्रीझर पेटी मुळातच त्यासाठी बनवलेली आहे, स्विचपासून थर्मोस्टॅटपर्यंत सगळं ठिणगीबंद.

कॅटलॉग वाचताना आणखी एका ठिकाणी माझी फसगत झाली होती, ती तुमची होऊ नये. एकाच कॉम्प्रेसरचे दोन वेगळे वॅट दिसतात. अश्रे या अमेरिकन पद्धतीत एलबीपीचा आकडा उणे २३.३ बाष्पीभवन आणि ५४.४ कंडेन्सिंगला, वर द्रव ३२.२ पर्यंत थंड केलेला धरून मोजतात. सेकोमाफ या युरोपीय पद्धतीत उणे २५ आणि ५५, द्रवही ५५ चाच. अश्रेचा आकडा म्हणूनच बराच मोठा दिसतो. एचबीपीलाही असंच, अश्रे अधिक ७.२ ला आणि सेकोमाफ अधिक ५ ला. एका कंपनीचा अश्रे आणि दुसऱ्या कंपनीचा सेकोमाफ समोरासमोर ठेवून ‘हा जास्त ताकदीचा’ म्हणणं म्हणजे एकाला मीटरनं आणि दुसऱ्याला फुटानं मोजणं. तक्त्यात आपल्या तापमानाची ओळ शोधा, ठळक छापलेला आकडा सोडून द्या. बाष्पीभवनाचं तापमान एक अंश वर गेलं तर क्षमता साधारण चार टक्के वाढते. तीन-चार अंशांच्या फरकात निवड उलटी-पालटी होते.

तर एससी१२जी कुणी घ्यावा? आर१३४ए वर चालणारा वॉटर चिलर, अधिक ५ च्या आसपासचं बाष्पीभवन, ६०० ते ९०० वॅटचा भार, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आणि अंगावर पंख्याची हवा, हे सगळं जुळत असेल तर डोळे मिटून घ्या. एमबीपीच्या मोठ्या पेटीला, भार चारशे-पाचशे वॅटचा असेल तर विचार करा. खोल फ्रीझरला घेऊ नका, माहितीपत्रकात एलबीपी लिहिलेलं असलं तरी. लिहिलंय म्हणजे चालेल एवढंच, तिथे तो योग्य आहे असं नाही.

परवा गेलो तेव्हा पाणी १२.१ होतं, सक्शन ३५. चिलरच्या आतल्या दारावर मी पहिल्याच दिवशी पांढऱ्या मार्करनं लिहून ठेवलंय: ‘आर१३४ए, बाष्पीभवन +५, एचबीपी, एचएसटी कपॅसिटरसह’. अक्षरं थोडी पुसट झाली होती, ती पुन्हा गिरवली.